आधी गोष्ट, मग शब्दार्थ

वर्गात कादंबरी शिकवताना प्रत्येक प्रकरणाआधी मुलांकडून कठीण शब्दांची यादी पाठ करून घ्यावी, ही सूचना मला अजिबात पटत नाही. नायिका तळघरातून निसटते त्या पानावर पोट्टे अर्थासाठी थांबतच नाहीत, संदर्भाने सगळं कळतं. अडतात ते किल्ल्याच्या शब्दांवर: बुरूज, तटबंदी, खंदक. आमच्या अकोट तालुक्यातल्या शाळांना तर नरनाळा किल्ला जवळ आहे! महाकाली दरवाज्यावरची दगडी कमळं, 1487 सालचा शिलालेख, नऊगजी तोफ हे सगळं पोरांना हात लावता येईल इतक्या जवळून दाखवा. मग किल्ल्याचं ते प्रकरण वर्गात मोठ्याने वाचा. ‘शाप’, ‘वरदान’ मात्र यादीत नकोच, ते आजीच्या गोष्टींतून केव्हाच कळलेत. किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतो, त्यामुळे पायथ्याच्या शहानूर गावी वनविभागाकडे आधी चौकशी करा.