मदत हवी आहे: सहलीच्या तिकिटा-पावत्यांची वही कशी बांधू? (एसटीच्या तिकिटांवरची अक्षरं उडायला लागलीत)

इंदिरानगरकरीण

नमस्कार मंडळी,

आधी हसून घ्या, मग मदत करा. काल मी एसटीच्या तिकिटाला इस्त्री केली.

झालं असं. मे महिन्यात आम्ही घरचे सहाजण कोकणात जाऊन आलो. नाशिकहून पुण्यामार्गे रत्नागिरी, तिथून रेल्वेने कुडाळ आणि पुढे मालवण. निघतानाच मुलांना सांगून ठेवलं होतं की फोटो हवे तेवढे काढा, पण हातात पडेल तो प्रत्येक कागद माझ्याकडे द्यायचा, परत आलो की सहलीची वही करायची. हे घरात सगळ्यांनीच भलतं मनावर घेतलं. काजूकतलीचा रिकामा खोका भरून कागद जमलेत. थिबा राजवाड्याची तिकिटं, सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या होडीची पावती, आमसुलाच्या पाकिटावरचं लेबल, काजू बांधून दिलेलं वर्तमानपत्राचं तेलकट पान, लेकाने पेपर नॅपकिनवर बॉलपेनने काढलेला खेकडा (पाय नऊ, मोजलेत). आणि मालवणच्या खानावळीचं बिल, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या पाठीमागे लिहिलेलं: ताट ६, सुरमई जादा २, सोलकढी ४. खालची बेरीज चुकलीय, वीस रुपयांनी, आपल्या फायद्याची. अण्णा, म्हणजे माझे सासरे, अर्ध्या वाटेतून उन्हात परत जाऊन ते वीस रुपये देऊन आले.

या सगळ्यात जीव अडकलाय तो अण्णांच्या एका तिकिटात. अण्णा ७६ वर्षांचे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत, त्यामुळे कंडक्टरने त्यांना शून्य रुपयांचं तिकीट दिलं. सासूबाईंचं आणि माझं अर्धं. सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी जन्मभर वाद घातलेला हा माणूस ते तिकीट शर्टाच्या खिशात घालून नऊ दिवस हिंडला, आणि भेटेल त्याला काढून दाखवत होता.

गेल्या आठवड्यात खोका उघडला. एसटीची तिकिटं मी मुद्दाम प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये जपून ठेवली होती, आणि नेमकी तीच फिकी पडलीत. शून्याच्या तिकिटावर तर आता निरखून पाहिलं तरच काही दिसतं.

घाबरून त्याच दिवशी मुलांच्या एका उरलेल्या वहीत पांढऱ्या गोंदाने चिकटवायला बसले. पहिली दोन पानं वाळल्यावर पापडासारखी वाकडी झाली. म्हटलं, हलकी इस्त्री फिरवू. वहीचं पान सरळ झालं की नाही ते बघायला वेळच मिळाला नाही, कारण त्यावरचं तिकीट इस्त्रीखालून बाहेर आलं ते काळं कुळकुळीत. नशीब, ते माझं होतं, अण्णांचं नव्हे.

तर विचारायचंय ते असं. उडालेली अक्षरं परत आणता येतात का? आठ-दहा पानांतच वही फुगून तिचं तोंड मिटेना, त्यावर काय करतात? आणि असली वही घरी बांधता येते का? कॉलेज रोडच्या एका दुकानात तयार स्क्रॅपबुक पाहिलं, नऊशे रुपयांचं, मुखपृष्ठावर आयफेल टॉवर. आमची मालवणची होडी मी आयफेल टॉवरखाली कुठे लावू?

भाऊबीजेला नणंद येतेय, तोवर व्हायला हवं. बाकी नाशिकरोडला देशाच्या नोटा आणि पोस्टाची तिकिटं छापतात आणि त्याच गावात माझ्याच्याने एसटीचं एक तिकीट सांभाळलं जात नाही, हे मला कळतंय. कोणी बोलून दाखवू नका.

उन्हाळी_कांदा

बोलून दाखवणारच होतो, राहिलं.

एवढा खटाटोप कशाला? सगळं स्कॅन करा, फोटोबुक छापून घ्या, कागद रद्दीत. आमच्याकडे असाच एक खोका होता, त्यात शेवटी झुरळं निघाली.

वाचनखूण

कांदेभाऊ, नऊ पायांचा खेकडा रद्दीत घालायला सांगताय? देव बघतोय.

ताई, तिकिटांचं सांगते. मी ग्रंथालयात काम करते, कागद मरताना रोज बघते. एसटीच्या मशीनमधून येणाऱ्या तिकिटावर शाई नसतेच. त्या कागदावर एक थर असतो, त्यात न दिसणारा रंग आणि तो रंग उठवणारं द्रव्य शेजारी शेजारी असतात. मशीनचं गरम टोक जिथे टेकतं तिथे दोन्ही वितळून एकत्र येतात आणि काळं उमटतं. तुम्ही इस्त्री फिरवलीत म्हणजे अख्ख्या तिकिटावर छापून टाकलंत. ते काही आता परत येत नाही. पण टाकू नका, वहीत लावा. त्याच्याइतकी गोष्ट दुसऱ्या कुठल्या तिकिटाला आहे?

फिकं पडण्याची कारणं बरीच. ऊन, उष्णता, दमट हवा, हाताचं तेल. आणि तुमच्या बाबतीत बहुधा तो पाऊचच. मऊ प्लॅस्टिक लवचीक राहावं म्हणून त्यात जे घालतात, ते हळूहळू बाहेर येतं आणि असल्या छपाईला खातं. दुकानांच्या पावत्या पाकिटाच्या प्लॅस्टिकच्या कप्प्यात कोऱ्या होतात त्या यामुळेच. सेलोटेपचंही तेच. म्हणजे तुम्ही जपायला गेलात आणि नेमकी जपलेलीच गेली. मन खाऊ नका, हे बहुतेक सगळ्यांचं होतं.

आता आज, म्हणजे आजच करायचं काम. सगळी तिकिटं पाऊचमधून बाहेर काढा. अण्णांचं तिकीट खिडकीजवळ सपाट ठेवा, थेट उन्हात नको, आणि मोबाइलने जवळून फोटो काढा. एक समोरून, दोन-तीन तिरक्या उजेडात. मग फोटोत कॉन्ट्रास्ट वाढवा, रंग उलटे करून बघा. डोळ्यांना न दिसणारं पुष्कळदा तिथे दिसतं. ते चांगल्या कागदावर काढून घ्या. झेरॉक्सची किंवा लेझर प्रिंटरची छपाई टिकते, कारण ती काळी पूड असते आणि कागदावर वितळवून बसवलेली असते. वहीत ही प्रत लावा आणि मूळ तिकीट तिच्या मागे कागदी पाकिटात, न चिकटवता. हेअर ड्रायरने गरम करून अक्षरं उठवायचे व्हिडिओ दिसतील. इस्त्रीनंतर तुम्ही त्या वाटेला जाणार नाही अशी आशा आहे.

वर्तमानपत्राच्या पानाचीही प्रतच लावा. तो कागद आपोआप पिवळा पडतो, शेजारचं पानही पिवळं करतो, आणि तुमच्या पानावर तर काजूचं तेल. मूळ पानाचा डागासकट छोटा तुकडा कापून पाकिटात ठेवा.

पुठ्ठा_दोरा

ताई नमस्कार. वडिलांचा बाइंडिंगचा धंदा होता, भद्रकालीत. मी बँकेत चिकटलो, पण लहानपणी शाळेतून आलो की जुज (एकात एक घालून दुमडलेल्या कागदांचा गठ्ठा, अशा जुजा शिवून वही होते) मोडायला बसवायचे, त्यामुळे हात अजून विसरलेले नाहीत.

वही फुगते कारण ती कोऱ्या पानांच्या हिशेबाने बांधलेली असते. तुम्ही पोटात कागद भरता, पाठ तेवढीच राहते. पाठीलाही तेवढीच जाडी द्यायची, एवढीच युक्ती. पानं शिवताना अधूनमधून त्याच कागदाची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी दुमडून शिलाईत घ्यायची. वही कोरी असताना ती पाठीकडे जाड आणि तोंडाकडे चपटी दिसेल, कुत्र्याच्या कानासारखी. बिघडली असं समजू नका. कागद लागले की सपाट होते.

कागद १२० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, कार्ट्रिज घ्या, चित्रकलेचा असतो तो. ए-फोरचं पाकीट नको, पूर्ण आकाराचे ताव घ्या आणि घरी कापा. कागदाला आडवं-उभं असतं, लाकडासारखं. ताव दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा. ज्या बाजूने मुकाट वाकेल, घडी त्या दिशेने यायला हवी. ए-फोर मधोमध दुमडला की बहुतेक वेळा घडी उलट दिशेने येते आणि पान ताठ उभं राहतं. तावांचे कापलेले तीन तुकडे एकात एक घालून दुमडले की एक जुज. अशा पाच जुजा करा, म्हणजे तीस पानं. लावायचं फक्त उजव्या बाजूला. डावी बाजू लिहायला ठेवा, लिहिलं नाही तर त्या वहीत दुसऱ्याला काही कळत नाही.

घडीवर पाच भोकं, दाभणाने, खाली जुनं मासिक ठेवून. दोरा गोधडी शिवायचा चालेल, त्यावरून मेणबत्ती दोनदा ओढा, गाठ सरकत नाही. एक जुज शिवून झाली की शेवटच्या भोकाशी दुसरीला जोडत जायचं. सार्वजनिक वाचनालयातलं एखादं जुनं बांधीव पुस्तक मधोमध उघडून बघा, सावानावाले काही म्हणणार नाहीत, घडीत दोरा कसा जातो ते तिथे दिसेल. मी लिहून सांगितलं तर तुम्ही घाबराल.

गोंदाचं. तुमचा गोंद पाण्यातला, आणि तुम्ही भरपूर लावलात. कागद पाणी पितो, फुगतो आणि वाळताना वाकतो. वडील मैद्याची खळ वापरायचे. चमचाभर मैदा, सहा चमचे पाणी, गुठळी मोडून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळायचं. गार करून बोटाने अगदी पातळ लावायची, वर कोरा कागद, त्यावर पोळपाट, त्यावर वरवंटा, रात्रभर. कसर लागू नये म्हणून ते खळीत मोरचूद घालायचे. तुम्ही घालू नका, विषारी असतं आणि घरात मुलं आहेत. दोन दिवसांत संपेल एवढीच खळ करा. थर्मल तिकिटांना, म्हणजे मशीनमधून येणाऱ्या त्या एसटीच्या तिकिटांना, मात्र ओलं काही लावायचंच नाही. चार कोपरे कागदाचे करा, जुन्या अल्बममध्ये फोटो बसवायचे तसे, आणि तिकीट त्यात खोचा.

पुठ्ठ्याला पैसे घालवू नका. ओळखीच्या छापखान्यात कातरण आणि पुठ्ठ्याचे तुकडे मागा, चहाच्या बोलीवर देतात. मुखपृष्ठाला सासूबाईंच्या जुन्या इरकलीचा तुकडा असेल तर बघा. फक्त आतून पातळ कागद लावून घ्या, नाहीतर खळ कापडातून बाहेर फुटते.

उन्हाळी_कांदा

पुठ्ठेवाले काका, मी रद्दीचा शब्द मागे घेतो. ताई, ती खानावळ कुठली तेवढं सांगा.

सिन्नर_फाटा

बॉलपेनचा खेकडा नॅपकिनवर असेल तर नॅपकिन दोन-तीन पदरी असतो. अलगद सोडवून फक्त वरचा पदर लावा, मागे रंगीत कागद. आमच्या मुलीचा ऑक्टोपस असाच वाचला. पाय तिनेही मोजले नव्हते.

वाचनखूण

एक राहिलं. वही झाली की कपाटात मागे कोंबू नका. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीला लागून असलेल्या कप्प्यात ओल धरते. वेखंडाचा तुकडा पातळ कापडात बांधून शेजारी ठेवा, वहीत नको. आणि अधूनमधून काढून बघत जा, उघड्या-मिटल्या जाणाऱ्या वहीला कसर कमी लागते.

इंदिरानगरकरीण

मंडळी, अहवाल.

वही शिवून झाली. पहिली जुज दोनदा उसवली, कारण पट्ट्या शिलाईत घ्यायलाच विसरले. कुत्र्याच्या कानाचं आधी सांगितलंत ते बरं झालं, नाहीतर तिसऱ्यांदाही उसवली असती. इरकल मागायचं धाडस झालं नाही, पण सासूबाईंनी आपण होऊन एका फाटक्या चादरीची किनार दिली. नवऱ्याला वरवंटा उचलायचं काम होतं, त्यात त्याने पायावर पाडून घेतला. ठीक आहे तो.

काळं तिकीट पहिल्याच पानावर लावलंय. लेकीने खाली लिहिलं, ‘पुणे ते रत्नागिरी, रात्रीचा प्रवास.’ गाडी सकाळची होती.

कांदेभाऊ, खानावळीचं नाव बिलावर नाहीच. बंदराजवळ, पत्र्याची शेड, दारात मांजर.

अण्णांच्या तिकिटाचा फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवला, तरी तारीख येईना. मग तिरक्या उजेडातला फोटो उलट्या रंगात केला आणि दिसली. अण्णा स्वतः चष्मा पुसून बघत होते. शून्यही आलं, स्पष्ट. प्रत काढायला तेच कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि तणतणत परत आले. पाच रुपये घेतले म्हणे. शून्य रुपयांच्या तिकिटाचे पाच रुपये कशाचे, आणि तेही दोन रुपये सुटे नाहीत म्हणून चॉकलेट देऊन, यावर तिथे बराच वेळ वाद झाला.

चॉकलेटचा कागद मी ठेवून घेतलाय.