‘स्ट्रोक’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

खडीसाखर
गेल्या पंधरवड्यात नवऱ्याला स्ट्रोक आला. ‘आला’ म्हणू की ‘झाला’, इथूनच माझी अडचण सुरू होते.

सकाळी वर्तमानपत्र उघडून बसला होता. मला म्हणाला, “माझी ती... किल्ली दे.” मी किल्ली दिली. त्याने ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि पुन्हा म्हणाला, “ही नाही गं. किल्ली.” तिसऱ्यांदा ओरडलाच. हवा होता चष्मा. तोंड वाकडं नाही, हात लुळा नाही, चालणं नेहमीसारखं.

सीटी स्कॅन नॉर्मल. तीनेक तासांत बोलणं पुष्कळसं ताळ्यावर. पहिले डॉक्टर म्हणाले, टीआयए, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडून पुन्हा सुरळीत होणं. दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला, तर दुसरे म्हणाले, छोटा आहे पण स्ट्रोकच. डिस्चार्ज कार्डावर तिसरंच, ‘सीव्हीए’. म्हणजे सेरेब्रोव्हॅस्क्युलर ॲक्सिडेंट, स्ट्रोकचंच दुसरं नाव.

आता फोनची गंमत ऐका. नणंदेला सांगितलं, “झटका आला.” तिने विचारलं, अँजिओग्राफी झाली का? चुलतदिराला सांगितलं, “मेंदूत रक्ताची गाठ झाली.” त्याने पुढे कळवताना ‘रक्ताची’ गाळलं. संध्याकाळपर्यंत मला कॅन्सरच्या डॉक्टरांचे नंबर यायला लागले. ऑफिसला कार्डाचा फोटो पाठवला, तिथून प्रश्न : “ॲक्सिडेंट? गाडी कोण चालवत होतं?” आणि शेजारीण म्हणाली, “उन्हात फिरले असतील.”

सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, दिरांकडे असतात. त्यांना अजून सांगितलेलं नाही. ‘अर्धांगवायू’ म्हटलं की त्यांना सात वर्षं अंथरुणाला खिळलेले सासरे दिसणार. तर एक शब्द सुचवा, जो ऐकून माणूस घाबरणार नाही आणि भलतंही समजणार नाही.

बोरू
पक्षाघात. उत्तम, रुळलेला, स्वच्छ शब्द असताना स्ट्रोकच्या मागे का लागायचं? पक्ष म्हणजे बाजू, त्यावर आघात. विषय संपला.

आगाऊ
विषय संपत नाही. पक्षाघात म्हटलं की निम्म्या लोकांना निवडणुकीचा निकाल लागल्यासारखं वाटतं.

खडीसाखर
बोरू, पण त्याची कुठलीच बाजू गेलेली नाही. फक्त शब्द गेले, तेही थोडे. मग आघात कुठल्या पक्षावर?

पानगळ
खडीसाखर यांनी नेमकं बोट ठेवलं. आपले सगळे शब्द बाहेरून बघून ठेवलेले आहेत. अर्धांगवायू म्हणजे अर्धं अंग गेलं. पक्षाघात, एक बाजू गेली. आमची आजी म्हणायची, “त्याच्या अंगावरून वारं गेलं.” तेही अंगावरूनच. दुखणं मेंदूत आहे हे यातला एकही शब्द सांगत नाही, कारण ज्यांनी ते घडवले त्यांना हात लोंबताना दिसत होता, मेंदू दिसत नव्हता. हात लोंबलाच नाही तर शब्द उघडा पडतो.

मोडीवाचक
वारं गेलं, वायू झाला, हे सगळं वातदोषाच्या घरातलं. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा २८वा अध्याय वातव्याधींचा आहे. तिथे एका बाजूचं शरीर जाणं वेगळं, आणि तोंड वाकडं होणं, म्हणजे ‘अर्दित’, वेगळं. ‘लकवा’ मात्र आपला नव्हे, अरबी. मूळ अर्थ चेहरा एका बाजूला ओढला जाणं एवढाच. आपण त्यात हातपायही कोंबले.

आगाऊ
मी लहानपणापासून समजत होतो, लकवा हा ‘लुकलुक’चा भाऊ. डोळा मिटत नाही म्हणून.

मोडीवाचक
नाही हो. कशाचाही कशाशी संबंध लावू नका.

रात्रपाळी
(पंधरा वर्षं वॉर्डात नर्स आहे, म्हणून लिहिते.) लकव्यावरून आठवलं. चेहऱ्याची नस सुजून तोंड वाकडं होतं तेव्हा सहसा त्या बाजूच्या कपाळालाही आठ्या पडत नाहीत. स्ट्रोकमध्ये तोंडाचा कोपरा खाली येतो, पण आठ्या बहुधा पडतात. नातेवाईक दोन्हींना लकवाच म्हणतात. अर्थात आठ्या तपासत घरी बसू नका, दोन्हीत दवाखाना गाठायचा.

खडीसाखरताई, तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या वेळी बरोबर असू शकतात. पूर्वी घड्याळावर ठरायचं : लक्षणं २४ तासांच्या आत पूर्ण गेली तर टीआयए, राहिली तर स्ट्रोक. २००९मध्ये अमेरिकेतल्या हार्ट आणि स्ट्रोक असोसिएशनने टीआयएची व्याख्या बदलली. आता घड्याळापेक्षा मेंदूला कायमची इजा झाली का, ते बघतात. एमआरआयमध्ये ठिपका दिसला असेल, म्हणून नाव बदललं. आणि सीटी पहिल्या काही तासांत नॉर्मल दिसू शकतो. तो आधी काढतात तो मुख्यतः रक्तस्राव नाही ना, हे बघायला. कारण गुठळी विरघळवायचं औषध रक्तस्रावात दिलं तर घात होईल.

‘ॲक्सिडेंट’ हा जुना शब्द आहे, गाडीचा संबंध नाही. कार्डावर अजून लिहितात खरं.

बोरू
माहिती उपयुक्त. पण ही शब्दचर्चा आहे.

रात्रपाळी
मग शब्दाचंच सांगते. ‘गाठ’ म्हणू नका, ‘गुठळी’ म्हणा. गाठ म्हटलं की लोकांना ट्यूमरच ऐकू येतो. आमच्याकडे एक मुलगा बाहेरच्या बाकावर दोन तास रडत होता, वडिलांच्या मेंदूत गाठ आहे म्हणून. होती गुठळी. कोणी त्याला दोन मिनिटं थांबून सांगितलं नव्हतं.

आगाऊ
‘झटका’बद्दल माझं एक संशोधन आहे, मोडीवाचकांनी रागावू नये. एकवचनात हृदय, अनेकवचनात फिट. “त्याला झटका आला” म्हणजे हार्ट अटॅक. “त्याला झटके येतात” म्हणजे अपस्मार. नुसत्या एका मात्रेने रोग बदलतो. मेंदूला यात जागाच उरली नाही.

पानगळ
हे मात्र मी चोरणार.

ऱ्हस्वदीर्घ
कोणाच्या लक्षात आलं नाही म्हणून आनंद वाटला : वर सगळ्यांनी ‘अर्धांगवायू’ बरोबर लिहिलंय. शुद्धलेखनाच्या १९६२च्या नियमांनुसार तत्सम शब्दाचं अंत्य अक्षर दीर्घ, म्हणून वायू. समासात पहिलं पद झालं की मूळ ऱ्हस्व, वायुविजन. इथे वायू शेवटी आहे, सबब दीर्घ.

मोडीवाचक
संस्कृतात वायु ऱ्हस्वच आहे. नियम केला म्हणून उच्चार लांबत नाही.

ऱ्हस्वदीर्घ
तुम्ही ‘कवि’ लिहिता का?

मोडीवाचक
लिहितो.

सांजसावली
मला एका शब्दाबद्दल बोलायचं आहे, ‘सौम्य’. माझ्या यजमानांच्या वेळी सगळ्यांनी हेच सांगितलं, सौम्य आहे, सौम्य आहे. बातम्यांतही ‘सौम्य झटका’ असतो. घरी आलो तर ते माझं नाव सोडून माझ्या बहिणीच्या नावाने मला हाका मारायचे. दिवसातून दहा वेळा. त्यांच्या लक्षात यायचं आणि ते गप्प बसायचे. पाहुणे म्हणायचे, “अरे वा, काहीच झालेलं दिसत नाही!” कोणाच्या मापाने सौम्य?

रात्रपाळी
मापाची तऱ्हा सांगते. दवाखान्यात वापरतात ती अंकांची पट्टी ० ते ४२ अशी असते, अंक कमी तितका स्ट्रोक लहान. हात उचलता येतो का, पाय, डोळे, चेहरा, बोलणं, असं बघत जातात. शब्द क्वचित अडकणाऱ्या माणसाला एखाददुसराच अंक मिळतो. कार्डावर ‘मायनर’. घरी गेल्यावर त्या एका अंकाशीच राहायचं असतं. ‘सौम्य’ हे त्या मायनरचं भाषांतर आहे, दुखण्याचं नाही.

बोरू
शब्द अडकण्याला आपल्याकडे ‘वाचाघात’ आहे. तोही लोकांना नको असेल.

खडीसाखर
वाचाघात मला स्पीच थेरपिस्टकडून कळला. अर्थ बरोबर लागतो, पण उच्चारायला फार भयंकर. त्या बाईंनी कंगवा दाखवला, तर नवरा म्हणाला, “ते... केसांचं.” घड्याळाला “वेळ”. चष्म्याला आता किल्ली म्हणत नाही, “वाचायचं ते” म्हणतो. बाई म्हणाल्या, छान, शब्द अडला तर वळसा घालून सांगा, अजिबात थांबू नका. मी घरी सगळ्या वस्तूंची नावं चिकटवून ठेवली होती. त्याने रात्री उठून सगळ्या चिठ्ठ्या काढल्या.

सांजसावली, तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं.

पानगळ
गंमत बघा, तो जे करतो तेच आपण या धाग्यावर करतोय. नेमका शब्द नाही, म्हणून वळसा.

बोरू
वळसा ही हार आहे. भाषेला शब्द हवा. मेंदुघात म्हणा, मस्तिष्काघात म्हणा. उष्माघात रुळला ना? आधी सगळे हीट स्ट्रोकच म्हणत होते.

पानगळ
म्हणूनच शेजारणीने उन्हाचं विचारलं. आघात, घात, अपघात... तुमच्या प्रत्येक शब्दात कोणी ना कोणी मरतंय, बोरू. ८४ वर्षांच्या बाईला फोनवर ‘मेंदुघात’ सांगून बघा. स्ट्रोक निदान काही बोलत नाही.

बोरू
काही बोलत नाही म्हणून तो चांगला? कमाल आहे. शिवाय इंग्रजीतही त्याचा मूळ अर्थ फटका, तडाखा असाच. आपण इंग्रजीत मार खाल्ला की दुखत नाही, एवढंच.

आगाऊ
हे मात्र मी चोरणार.

मोडीवाचक
मेंदू देशी, घात संस्कृत. असा संकर मला चालत नाही. मस्तिष्काघात व्याकरणाने ठीक, पण हिंदी वर्तमानपत्राचा वास येतो.

ऱ्हस्वदीर्घ
आणि ‘मेंदुघात’मध्ये दु ऱ्हस्व का? मेंदू तत्सम नाही. मेंदूज्वर दीर्घच लिहितात.

बोरू
टंकनदोष.

रात्रपाळी
ताई, शब्द कुठलाही ठरवा, फोनवर एवढंच सांगा : “मेंदूच्या एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. बोलताना शब्द अडकतात. हातपाय ठीक आहेत.” सासूबाईंना नाव लागत नाही, मुलगा चालतो का ते लागतं. आणि घरच्या सगळ्यांना एक सांगून ठेवा, पुन्हा असं काही झालं तर ‘शेवटचा ठीक कधी होता’ ती वेळ लिहायची. गुठळीचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. आमच्याकडे बहुतेक जण “सकाळपासून” एवढंच सांगतात. सकाळ केवढी मोठी असते.

खडीसाखर
वेळ माझ्याकडे आहे, ८ वाजून १० मिनिटं. किल्ली दिली तेव्हा घड्याळाकडे का पाहिलं कोण जाणे.

काल सासूबाईंना फोन लावला आणि तुमचं वाक्य म्हणायच्या आतच नवऱ्याने फोन घेतला. “आई, मी बराय. थोडं ते... बोलायचं... अडतं.” त्या म्हणाल्या, “लहानपणीही अडायचंच तुझं.” आणि दुधाच्या दातांची काहीतरी गोष्ट सुरू केली. त्यांना कळलं की नाही, मला अजून कळलेलं नाही. नाव कुठलंच सांगितलं नाही.

आला की झाला, ते मात्र राहिलंच.

आगाऊ
अटॅक येतो, अर्धांगवायू होतो, वारं जातं. स्ट्रोक बसतो म्हणा, फटका बसतो तसा.

बोरू
मूळ शब्दच नको आहे, तर क्रियापद कशाला शोधायचं?

मोडीवाचक
वारं ‘जातं’ की ‘वाहतं’? माझ्या आठवणीत “वारं वाहिलं” असंही ऐकलेलं आहे. कोणी ऐकलंय का?

ऱ्हस्वदीर्घ
त्यासाठी वेगळा धागा काढा. आणि शीर्षकात ‘वाहिलं’ ऱ्हस्व.