मदत हवी आहे: कॅम्पिंगसाठी हलका, न दुमडणारा चाकू कोणता घ्यावा?

मंडळी, थंडीत हरिश्चंद्रगडावर मुक्कामाचा बेत आहे. सोलापूरहून लांबचा पल्ला आणि वर चढाई, त्यामुळे चाकू म्यानासकट दीडशे ग्रॅमच्या आत हवा. कांदे-वांगी चिरणं, दोरी कापणं, चूल पेटवायला सुक्या काटकीच्या ढलप्या काढणं, एवढंच काम. घडीचा नकोच, बिजागरीत कांद्याचा रस आणि माती बसते, ती निघता निघत नाही.

स्वीडनचा मोराकनिव्ह कंपॅनियन मनात भरलाय. पातं साधारण 10 सेंमी, मूठ ओल्या हातातही न सटकणारी. पण त्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जात नाही. लाकडावर ठेवून वरून दांडक्याने ठोकलं तर टिकेल का? वापरणाऱ्यांनी खरं सांगा, प्लीज. शिवाय पातं कार्बन पोलादाचं घ्यावं की स्टेनलेसचं? कार्बनला धार झटकन लागते, पण गडावरच्या दवात ते पुसायचं राहिलं की सकाळी गंजाचे ठिपके. माझा कल स्टेनलेसकडे आहे.

दुसरा पर्याय म्हणजे आपल्याकडच्या लोहाराकडून गाडीच्या जुन्या कमानपाट्याचा करून घेणं. सोलापुरात असं बारीक काम करणारा चांगला कारागीर कुणाला माहीत आहे का? पातं किती जाड ठेवायला सांगू?