आरोग्य व शारीरिक शिक्षण: चाचण्यांच्या नोंदी होतात, पण पुढचे शिकायचे कोठून?

माणदेशी क्रीडाशिक्षक:
सर्वांना नमस्कार. मी सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका माध्यमिक शाळेत आरोग्य व शारीरिक शिक्षण हा विषय शिकवतो. बी.पी.एड. होऊन अठरा वर्षे झाली. पाचवी ते दहावीच्या सर्व वर्गांना मी एकटाच असल्याने माझा तास कसा झाला हे सांगणारे शाळेत दुसरे कोणी नाही. खो-खो आणि कबड्डीचे संघ घडवताना मी अडत नाही. अडतो तो विषयाच्या नावातल्या पहिल्याच शब्दापाशी.

गेल्या जुलैत केंद्र सरकारच्या ‘खेलो इंडिया’ उपक्रमातील तंदुरुस्ती चाचण्या घेताना मी मुलांना वजनकाट्यासमोर रांगेत उभे केले. मी आकडा मोठ्याने वाचत होतो आणि एक विद्यार्थी तो वहीत लिहून घेत होता. वेळ वाचावा एवढाच हेतू होता. आठवीतल्या एका मुलीचे वजन वाचताच मागे कोणीतरी हसले. त्यानंतर दिवाळीपर्यंत ती मुलगी माझ्या तासाला काही ना काही कारण सांगून वर्गातच बसून राहिली. ही चूक माझी आहे आणि ती पुन्हा होऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. मी शेवटचे घेतलेले प्रशिक्षण मात्र सभागृहातच संपले. मैदानावर आम्ही उतरलोही नाही. हे तास खरोखर उपयोगी पडतील असे साहित्य किंवा अशी पद्धत कोणी वापरली असल्यास कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त शिक्षक, अमरावती:
सर, आपण ही गोष्ट मोकळेपणाने लिहिलीत, याबद्दल आभार. माझे शिक्षण अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झाले. १९१४ पासून चालत आलेल्या त्या संस्थेत आम्हाला पहिला धडा मिळाला तो मुलाचे शरीर पाहण्याचा, आकडा त्यानंतर.

वजन आणि उंची नेहमी आडोशाला, एकेका मुलाची घ्यावी आणि नोंद शिक्षकानेच करावी. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. प्रौढांसाठी बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणाऱ्या आकड्याच्या, १८.५ आणि २५ या ज्या सीमा सांगितल्या जातात, त्या वाढत्या मुलांना लावायच्या नसतात. मुलांचा बीएमआय वय आणि लिंग पाहून तक्त्यावर वाचावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षे वयोगटासाठी सुधारित वाढ-तक्ते प्रसिद्ध केले आहेत. ते छापून घेऊन आपल्या खोलीत ठेवावेत. भिंतीवर मुलांच्या नावांसह कदापि लावू नयेत.

याच चाचण्यांतील ६०० मीटर धावण्याविषयीही एक सांगतो. आमच्या शाळेचे पटांगण ३० बाय २० मीटर होते, म्हणजे एक फेरी १०० मीटरची आणि सहा फेऱ्यांना चोवीस काटकोनी वळणे. प्रत्येक वळणावर मूल थबकते. अशा पटांगणातली वेळ मोठ्या धावपट्टीवरच्या वेळेशी ताडून पाहिली, तर चांगली धावणारी मुलेही कमी पडलेली दिसतात. त्यामुळे मी जुलैतील वेळेची तुलना त्याच मुलाच्या जानेवारीतील वेळेशीच करत असे. त्या मुलीलाही तिचेच दोन आकडे, तिला एकटीला, दाखवून पाहावेत.

विज्ञान व आरोग्य, नाशिक:
मी विज्ञान शिकवते आणि आमच्या शाळेत आरोग्यदूत म्हणूनही काम करते. आयुष्मान भारत योजनेच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यातील अकरा विषयांत पोषण, भावनिक आरोग्य, व्यसनांपासून बचाव आणि इंटरनेटचा सुरक्षित वापर यांचाही समावेश आहे. आपल्या शाळेत ही जबाबदारी कोणाकडे आहे, ते मुख्याध्यापकांना विचारावे. अनेकदा ती ज्यांच्याकडे असते, त्यांचे आणि क्रीडाशिक्षकांचे त्या विषयावर वर्षभरात एकदाही बोलणे होत नाही.

मासिक पाळीच्या दिवसांत मैदानावर यावे की नाही, हा प्रश्न मुली सरांना विचारत नाहीत. पोट दुखते, एवढेच सांगतात. म्हणून आम्ही बुटांचा एक रिकामा खोका ठेवला. मुली त्यात नाव न लिहिता चिठ्ठी टाकतात आणि दर शुक्रवारी मी उत्तरे देते. पहिल्याच महिन्यात ‘पाळीत धावले तर अपाय होतो का’ या एकाच प्रश्नाच्या सात चिठ्ठ्या निघाल्या. त्रास होत नसेल तर धावावे, होत असेल तर विश्रांती मागावी आणि ती मागण्यात लाज नाही, हे मी सांगितले. तेच वाक्य आमच्या क्रीडाशिक्षकांनी मैदानावर सर्वांसमोर सहजपणे उच्चारले, तेव्हा मुलींचा संकोच बराच कमी झाला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत तपासणीला येते, त्या दिवशी आपली नोंदवही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. कोणत्या मुलाला दम लागतो, कोणाला चक्कर येते, हे आपल्यालाच ठाऊक असते.

मैदान आणि मी, पुणे:
सर, ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावरील शिक्षकांचे अभ्यासक्रम जरूर करावेत, परंतु ते पाहून तास बदलत नाही. तास बदलतो तो दुसऱ्या शिक्षकाने पाहिल्यावर. आम्ही शेजारच्या तीन शाळांतील क्रीडाशिक्षक महिन्यातून एकदा एकमेकांच्या तासाला जातो. पाहणारा चार मुले निवडतो, त्यांपैकी दोन नेहमी मागे राहणारी, आणि ३५ मिनिटांच्या तासात ती प्रत्यक्ष किती मिनिटे हलली, तेवढेच घड्याळ लावून मोजतो. माझ्या लंगडीच्या तासात दोन मुले नऊ मिनिटेही हलली नव्हती. बाद झाल्यावर ती कडेला बसून होती आणि मला मात्र तास रंगला असे वाटत होते. आता बाद झालेले मूल शेजारच्या छोट्या चौकोनात दोरीच्या दहा उड्या मारून परत खेळात येते.

आसपासच्या शाळांच्या केंद्राची जी शिक्षण परिषद भरते, तीत अर्धा तास मागून घ्यावा आणि तो पटांगणावरच घ्यावा. आपल्या भागात उन्हाळा कडक असतो, तेव्हा ऊन लागलेल्या मुलाला सावलीत नेऊन अंग ओले करणे, वारा घालणे आणि तोवर रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर फोन करणे, याचाही सराव त्यातच करावा.

माणदेशी क्रीडाशिक्षक:
आपणा सर्वांचा अत्यंत आभारी आहे. वजनकाटा उद्यापासून वाचनालयाच्या मागील खोलीत ठेवत आहे. शेजारच्या गावातील क्रीडाशिक्षकांशी बोललो. येत्या शनिवारी ते सकाळच्या सत्रात माझ्या तासाला घड्याळ घेऊन येणार आहेत. निवडायच्या चार मुलांत त्या मुलीचे नाव मात्र मी सुचवणार नाही. आधी तिच्याशी आणि तिच्या आईशी बोलून मला क्षमा मागायची आहे.