परदेशी जाताना प्रवास विमा कसा निवडलात? अनुभव लिहा

आई-बाबा मे महिन्यात ताईकडे न्यू जर्सीला चालले आहेत. व्हिसा झाला, तिकिटं झाली, आता विमा राहिलाय. एजंटने फोनवर दोनच गोष्टी विचारल्या: वय किती आणि दिवस किती. बाबांना मधुमेह आहे, आईची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झालीय, हे मीच सांगितलं, तर म्हणाला, "ते फॉर्म भरताना बघू." मला हे पटलं नाही. ज्यांना विमा खरोखर वापरावा लागला त्यांनी कृपया लिहा. कंपन्यांची नावं नकोत. पॉलिसीत काय होतं, वेळेला काय झालं, कुठला कागद लागला, हे हवंय. ट्रेक, रेल्वे, काहीही चालेल.

एडिसन, न्यू जर्सी

तुमच्या आई-बाबांसारखीच आमची गोष्ट, म्हणून सविस्तर लिहिते. सासरे आमच्याकडे असताना एका रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं. वय अडुसष्ट, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही. ९११ला फोन केला, अ‍ॅम्ब्युलन्स आली. नवरा त्यांच्याबरोबर गेला आणि मी घरून पॉलिसीवरच्या असिस्टन्स नंबरला फोन लावला. त्यांनी केस नंबर दिला. पुढचे कित्येक महिने प्रत्येक पत्रव्यवहारात तोच नंबर लागला.

पॉलिसी भारतातून काढलेली होती. आधीच्या आजारांबद्दल त्यात एक कलम होतं: जिवावर बेतलं तरच खर्च मिळेल, तोही तब्येत स्थिर होईपर्यंतच आणि ठरावीक मर्यादेपर्यंत. पहिल्या पानावर लाख डॉलरचा आकडा होता, पण आत खोलीभाडं, आयसीयू, सर्जन, तपासण्या अशा प्रत्येकाला वेगळी मर्यादा. साठीपुढच्यांच्या बऱ्याच पॉलिसी अशाच असतात. म्हणून आधी आतली पानं वाचा.

इथे बिल एक येत नाही. हॉस्पिटलचं वेगळं, इमर्जन्सीतल्या डॉक्टरांचं वेगळं, अ‍ॅम्ब्युलन्सचं वेगळं, स्कॅन वाचणाऱ्याचं वेगळं, आणि तीही आठवड्यांच्या अंतराने टपालाने येतात. कंपनीने भारतातले जुने केसपेपर मागितले. सांगलीच्या डॉक्टरांनी जपून ठेवलेलं कार्ड मोठ्या दिरांनी फोटो काढून पाठवलं. प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे विमा काढताना भरायच्या अर्जात, दोन्ही आजार गोळ्यांच्या नावांसकट लिहिलेले होते आणि कार्डावरही त्याच गोळ्या होत्या. क्लेम मंजूर झाला तो यामुळेच, असं मी ठामपणे सांगेन. डिडक्टिबल, म्हणजे बिलातला आधी आपणच भरायचा ठरलेला हिस्सा, आम्ही भरलं. घरी आल्यावर सुचवलेल्या पुढच्या तपासण्यांचे पैसे मिळाले नाहीत, कारण तोवर ते "स्थिर" होते. कलमात तसंच लिहिलं होतं.

डॅलस

वरच्या प्रतिसादात भर. इथल्या कंपन्यांच्या पाहुण्यांसाठीच्या पॉलिसीही बघा. त्यांत दोन जाती आहेत. एकीत प्रत्येक उपचाराला ठरलेली रक्कम मिळते आणि उरलेलं आपल्या खिशातून. दुसरीत डिडक्टिबल भरलं की पुढच्या बिलाचा मोठा हिस्सा कंपनी उचलते. पहिली स्वस्त असते म्हणून लोक तीच घेतात. अमेरिकेतले दर पाहता मी आई-वडिलांसाठी ती कधीच घेणार नाही. दुसरीतसुद्धा जुना आजार "अचानक उफाळला" तरच पैसे मिळतात, आणि बहुधा चोवीस तासांच्या आत उपचार घ्यायची अट असते. "सकाळपर्यंत बघू" म्हणणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे जाण्याआधीच समजावून सांगा.

ठाणे

युरोपचं सांगतो. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं, आणि ते सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी चालायला हवं. तातडीचे उपचार, हॉस्पिटल, आजारपणात मायदेशी परत आणणं आणि मृत्यू, एवढं त्यात हवं. त्यामुळे बरेच जण नेमकी तेवढीच पॉलिसी घेतात. ही व्हिसा देणाऱ्यांची अट आहे, तुमच्या गरजेचा हिशोब नव्हे. आम्ही जास्त रकमेची घेतली, प्रीमियममध्ये फरक फारसा नव्हता.

आणखी एक. "अमेरिका-कॅनडा वगळून जगभर" ही पॉलिसी स्वस्त पडते. पण येताना टोरांटोला मावशीकडे चार दिवस थांबणार असाल तर ती चालणार नाही.

बॅग हरवलेली पुणेकर

झुरिकला बॅग पट्ट्यावर आलीच नाही. बाहेर पडण्याआधी एअरलाइनच्या काउंटरवरून पीआयआर, म्हणजे बॅग न आल्याचा रिपोर्ट घ्या. तो, बोर्डिंग पास, बॅगेचा टॅग आणि तिथे घेतलेल्या कपड्यांच्या पावत्या, यांवर क्लेम मिळाला. आमच्या पॉलिसीत उशीर बारा तासांहून जास्त हवा होता. परतीला मुंबईत बॅग उशिरा आली तर काही मिळणार नव्हतं.

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊन आलेला, नाशिक

ट्रेकवाल्यांनी साधी पॉलिसी घेऊन जाऊ नये, ही कळकळीची विनंती. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. कित्येक पॉलिसींत उंचीची मर्यादा त्याच्या खूप खाली संपते किंवा ट्रेकिंग सरळ वगळलेलं असतं. "अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्स कव्हर" असं नुसतं लिहिलेलं पुरत नाही. किती मीटरपर्यंत आणि हेलिकॉप्टर धरून का, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. आमच्यातल्या एकाला गोरकशेपला, म्हणजे बेस कॅम्पजवळच्या शेवटच्या मुक्कामाला, रात्री धाप लागली, खोकल्यातून फेस यायला लागला. गाइडने त्याच रात्री खाली उतरवायला घेतलं आणि एकीकडे सॅटेलाइट फोनवरून विमा कंपनीची परवानगी मागितली. पहाटे खालच्या फेरीचे गावाहून हेलिकॉप्टरने काठमांडूला नेलं. परवानगी आधी घेतलेली होती म्हणून बिल थेट कंपनीने भरलं. नेपाळात गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विम्याचे पैसे लाटण्याचे प्रकार २०१८ साली सरकारी चौकशीत उघड झाले, तेव्हापासून कंपन्या फार बारकाईने बघतात. डॉक्टरांनी लिहिलेला ऑक्सिजनचा आकडा आणि वेळ यांचा कागद जपा.

रेल्वेने फिरणारी, सोलापूर

आयआरसीटीसीवर तिकीट काढताना विम्याचा पर्याय येतो, माणशी पन्नास पैशांहूनही कमी. अपघाती मृत्यूला दहा लाख, हॉस्पिटलला दोन लाखांपर्यंत. तो घेतल्यावर मेसेजमध्ये लिंक येते, तिच्यावर जाऊन नॉमिनीचं नाव भरा. वेटिंग तिकिटाला हे संरक्षण नाही.

विमा कंपनीतून निवृत्त, कोल्हापूर

नाकारलेले क्लेम आयुष्यभर पाहिले. बहुतेक वेळा कारण एकच, आजार लपवलेला. एजंट "सगळीकडे नाही लिहा" म्हणाला तरी सही आपली असते, म्हणून फॉर्म आपण स्वतः भरावा. धागाकर्त्यांनी आईची अँजिओप्लास्टी तारखेसह लिहावी. प्रीमियम वाढेल किंवा कंपनी नकार देईल. नकार मिळाला तर दुसरीकडे विचारता येतं, पण लपवून काढलेली पॉलिसी ऐनवेळी कामाला येत नाही.

क्लेम चुकीचा नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. मुदत मात्र एक वर्षाची.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. दोघांचे केसपेपर आजच स्कॅन करायला घेतले. एक शंका: ताई आणखी महिनाभर ठेवून घेईल असं दिसतंय. मग?

विमा कंपनीतून निवृत्त, कोल्हापूर

पॉलिसी संपण्याआधी मुदतवाढ मागावी लागते आणि तब्येत ठीक असल्याचं लिहून द्यावं लागतं. आधी क्लेम झाला असेल तर कंपनी नाहीही म्हणू शकते, आणि भारतातली नवी पॉलिसी तिकडे बसून सहसा काढता येत नाही. तो महिना आत्ताच धरून दिवस मोजा.