सेबीचं दंडाचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. खरं की खोटं, कसं तपासायचं?

अमळनेरकर (प्रश्न)

चोपड्याला राहणाऱ्या काकांसाठी विचारतोय. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमधून शेअरचं अ‍ॅप घेतलं आणि ३ लाख २० हजार टाकले. अ‍ॅपमध्ये आता ११ लाख दिसतात. पैसे काढायला गेले तर ‘सेबी’चं (शेअर बाजाराच्या नियामकाचं) पत्र आलं: संशयास्पद व्यवहार, ८४,५०० रुपये ‘रिफंडेबल दंड’ २४ तासांत भरा, नाहीतर डीमॅट (शेअरचं खातं) गोठवून अटक. राजमुद्रा, गोल शिक्का, सही, सगळं आहे. खातं कुठल्याशा एंटरप्रायझेसचं, ईमेल जीमेलचा. काका उद्या बँक उघडताच एनईएफटी करणार म्हणतात. पत्र तपासायचं कसं? आणि आधीचे पैसे निघतील का?

तापीकाठ

भाऊ, आधी काकांना थांबवा. ऐकत नसतील तर शाखेच्या मॅनेजरला आजच फोन करून ठेवा. काउंटरवरून पैसे जाणार असल्याने तिथे अडवायला वाव आहे.

शिक्का आणि सही बघून काही ठरत नाही, ते कुणीही छापतं. सेबीचे ईमेल फक्त ‘सेबी डॉट जीओव्ही डॉट इन’ या पत्त्यावरून येतात, तेव्हा जीमेल दिसला तिथेच विषय संपला. तरी काकांची खात्री पटवायची तर वेबसाइटचं नाव स्वतः टाइप करून उघडा, पत्रातली लिंक नको. मुख्य पानावर सेबीने दिलेल्या कागदपत्राचा क्रमांक पडताळायची सोय आहे. क्रमांक नाही सापडला तर पत्र बनावट. सापडला तरी तेवढ्यावर थांबू नका, कारण दुसऱ्याच कुणाच्या खऱ्या आदेशाचा क्रमांक उचलून चिकटवता येतो. ‘एन्फोर्समेंट’खाली ‘ऑर्डर्स’मध्ये मूळ आदेश उघडा आणि नाव, पॅन, तारीख जुळते का बघा.

आता दंड. खऱ्या प्रकरणात आधी कारणे दाखवा नोटीस येते, उत्तराला वेळ मिळतो, सुनावणी होते, मग आदेश निघतो आणि भरायला साधारण ४५ दिवस मिळतात. भरणा सेबीच्या वेबसाइटवरून होतो आणि रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जाते. ती कुणा एंटरप्रायझेसच्या चालू खात्यात जात नाही, आणि परत मिळणारा दंड हा प्रकारच नाही.

‘सेबीला अटकेचा अधिकारच नाही’ असा एक फॉरवर्ड फिरतो, तो काकांना दाखवू नका. थकबाकीदाराविरुद्ध वसुली अधिकाऱ्याला कलम २८-अ खाली जप्ती आणि अटकेचे अधिकार आहेत. पण तो टप्पा आदेश, वसुली प्रमाणपत्र आणि मागणी नोटिशीनंतरचा. व्हॉट्सअ‍ॅपवर २४ तासांत तिथे कुणी पोचत नाही.

शंका उरलीच तर सेबीचा टोल-फ्री १८०० २२ ७५७५ लावा. पत्रावरचा नंबर लावलात तर तीच टोळी उचलेल.

डीमॅट_धुळे

त्या अ‍ॅपमधले ११ लाख कुठेच नाहीत, तो नुसता आकडा आहे. तपासणं सोपं आहे. शेअर खरेच घेतले असते तर एनएसई किंवा बीएसई या शेअर बाजाराचा मेसेज आला असता आणि डीमॅट सांभाळणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या, पॅनवरच्या एकत्रित स्टेटमेंटमध्ये ते दिसले असते. काकांना ते स्टेटमेंट उघडून दाखवा. माझ्या मते समजावण्यापेक्षा याचा परिणाम जास्त होतो.

दंड भरत नाही म्हटलं की हेच लोक ‘टॅक्स भरा, मग पैसे सुटतील’ म्हणतील. निवासी भारतीयाच्या शेअरवरच्या नफ्यातून ब्रोकर भांडवली नफ्याचा कर कापत नाही. तो आपण विवरणपत्राच्या वेळी किंवा आगाऊ कर म्हणून आयकर पोर्टलवर भरतो. व्यवहारावरचा एसटीटी हा छोटा कर मात्र त्याच वेळी कापला जातो. पैसे काढण्याआधी कर मागणारा ब्रोकर हा ब्रोकरच नव्हे. ‘एफपीआयच्या (परदेशी गुंतवणूकदारांच्या) कोट्यातून आयपीओ मिळवून देतो’ हीही थापच: निवासी भारतीयांना तो मार्ग खुला नाही.

अ‍ॅपवर आयएनझेडने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असला तरी हुरळू नका. क्रमांक खऱ्या ब्रोकरचा आणि अ‍ॅप चोराचं, असं चालतं. सेबीच्या यादीत त्या ब्रोकरचा जो फोन आणि ईमेल दिलाय, तिथे विचारा. पुढच्या वेळी पैसे पाठवण्याआधी सेबीच्या ‘सेबी चेक’ या तपासणीच्या सोयीमध्ये यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकून बघा. नोंदणीकृत ब्रोकरच्या नव्या यूपीआय आयडीत ‘अ‍ॅट’च्या आधी ‘बीआरके’ आणि नंतर ‘व्हॅलिड’ व बँकेचं नाव येतं. ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून आहे.

सायबर_जळगाव

आधीच्या ३ लाख २० हजारांचं बोलतो. १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आत्ता लावा, उद्यावर ढकलू नका. पैसा एका खात्यातून चार खात्यांत, तिथून एटीएम आणि चेकने बाहेर, हे तासाभरात होतं. वाटेत जेवढा सापडतो तेवढाच होल्ड होतो.

फोनआधी कागदावर लिहून घ्या: प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक), कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात. सहा वेळा पाठवले असतील तर सहाही ओळी वेगळ्या. इथेच लोक घोळ करतात, एकूण रक्कम सांगतात आणि यूटीआर नसल्याने बँकेला माग काढता येत नाही. तक्रार क्रमांक मिळाला की ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वर बाकी तपशील भरा, बँकेतही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

ग्रुप सोडू नका, अ‍ॅप काढू नका. चॅट एक्स्पोर्ट करा, अ‍ॅडमिनचे नंबर आणि प्रोफाइलचे स्क्रीनशॉट घ्या. त्या माणसाला ‘तक्रार करतो’ म्हणून धमकावलंत तर चॅट गायब झालीच समजा.

स्पष्ट सांगतो, सगळे पैसे परत मिळतील असं धरून चालू नका. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये आणलेलं संरक्षण अनधिकृत व्यवहारांना आहे. स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशाला ते सहसा लागू होत नाही. होल्ड झालेली रक्कम सोडवायला बहुतेक वेळा कोर्टात अर्ज करावा लागतो.

रावेर_केळी

भो, अजून एक. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, म्हणून काही दिवसांनी ‘सेबीतून बोलतोय, तुमची रक्कम सोडवतो’ असा फोन येईल. पॅक्लच्या (पर्ल्सच्या) जमीन योजनेत पैसे अडकलेल्यांना तर खास. पॅक्लचा परतावा न्या. लोढा समितीकडून थेट बँक खात्यात येतो, फी नसते, आणि समितीचा एसएमएस आल्याशिवाय मूळ प्रमाणपत्र कुणाला द्यायचं नाही. पतसंस्थेची अडकलेली ठेव ‘सेबीतून’ सोडवणारा तर सरळ खोटारडा: पतसंस्था सहकार खात्याकडे, मल्टिस्टेट असेल तर केंद्रीय निबंधकाकडे. सेबीचा तिथे काही संबंध नाही.

अमळनेरकर

१९३० ला तक्रार नोंदवली, नऊ व्यवहार निघाले. काकांनी आधारचा फोटोही पाठवलाय, आणि त्यांच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅपही टाकलं होतं.

सायबर_जळगाव

मग आधी मोबाइल विमान मोडवर टाका आणि ते स्क्रीन शेअरचं अ‍ॅप काढा. हे पुराव्याचं अ‍ॅप नाही, फक्त नावाचा स्क्रीनशॉट ठेवा. नेटबँकिंगचे पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या फोनवरून बदला. मग विमान मोड काढून कॉल फॉरवर्डिंग बंद करायला ##००२# डायल करा. आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करा. खरं डीमॅट असेल तर ब्रोकरला सांगून ट्रेडिंग खातं तात्पुरतं बंद करून घ्या. महिनाभराने सिबिलचा मोफत अहवाल काढून नवं कर्ज दिसतं का तेवढं बघा.