मोटरहोमने फ्रान्स-स्पेन : चोरांची भीती किती खरी?

सुदामानगरची सून (इंदूर)

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही पाच जण निघतोय. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सासू-सासरे. ल्योंहून मोटरहोम भाड्याने घ्यायची, आव्हिन्यों, कार्कासोन करत बार्सिलोनापर्यंत जायचं आणि परत यायचं. सोळा दिवस. हॉटेलं परवडली असती, पण सासूबाईंना स्वतःचा ओटा हवा आणि सासऱ्यांना स्वतःचा संडास, म्हणून ही गाडी.

बुकिंग झालं, आरटीओतून इंटरनॅशनल परमिट आलं आणि परवा मावसदिरांनी एक फॉरवर्ड पाठवला. हायवेवर गाडीत झोपलेल्या कुटुंबाला खिडकीतून गॅस सोडून बेशुद्ध केलं आणि अंगावरचं सगळं काढून नेलं म्हणे. तेव्हापासून सासरे रोज चहाला विचारतात, "कॅन्सल केलं तर किती कापतील?"

कुणी प्रत्यक्ष जाऊन आलंय का? हायवेच्या थांब्यावर रात्री झोपावं की नाही? पासपोर्ट कुठे ठेवायचे? आणि सासूबाई हातातल्या पाटल्या काढायला तयार नाहीत, त्याचं काय करू?

सर्वेयर काका (इंदूर, रामबाग)

ताई, कॅन्सल करू नका. आम्ही २०२३ च्या सप्टेंबरात त्याच रस्त्याने गेलो होतो. मी, बायको, मुलगा, सूनबाई. चोरी आमच्याकडेही झाली, पण रात्री नाही. भर दुपारी साडेबाराला, नारबोनजवळ एका मोठ्या किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये. दही, टोमॅटो आणि पाण्याचे कॅन घ्यायला चौघंही आत गेलो. एसी होता, बायको चीजच्या कपाटापुढे रमली, वीस-बावीस मिनिटं गेली असतील.

परत आलो तर काच शाबूत, दार कुलूपबंद, सगळं जागच्या जागी. आम्ही गाडी चालू करून साठेक किलोमीटरवर कार्कासोनला गेलो, जेवलो. रात्री मुलगा चार्जर शोधायला लागला तेव्हा ड्रायव्हर सीटमागची बॅग गायब. त्यात टॅबलेट, त्याचा कॅमेरा आणि सूनबाईची पर्स. इंदूरहून नेलेल्या लौंग शेवेची दोन पाकिटं मात्र बॅगेतून काढून सीटवर नीट ठेवलेली. दुपारी ती आम्हीच तिथे टाकली असतील असं प्रत्येकाला वाटलं होतं.

टॉर्च घेऊन बाहेर आलो. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलखाली, पत्र्यात, पेन्सिल जाईल एवढं भोक. कडा आत वळलेल्या. पेचकस ठोकून आतल्या कुलपाचा दांडा सरकवला होता. मी २६ वर्षं विमा कंपनीसाठी गाड्यांचे सर्वे केले, फुटलेल्या काचा हजारो पाहिल्या. इतकी स्वच्छ चोरी पाहिली नव्हती. तिकडे बहुतेक मोटरहोम फियाट डुकाटोच्या सांगाड्यावर बांधतात, आणि प्यूजो बॉक्सर, सित्रोएन जम्पर ही त्याचीच भावंडं. त्या दाराचा हा कच्चा दुवा तिथल्या चोरांना पाठ आहे. म्हणून हँडलभोवती बसवायच्या स्टीलच्या पट्ट्या मिळतात. गाडी ताब्यात घेताना त्या लावल्या आहेत का तेवढं बघा. नसतील तर भांडून उपयोग नाही, पण आपल्याला कळलेलं बरं. हँडलखालचे फोटो मात्र आधीच काढून ठेवा, नाहीतर जुनं भोकही तुमच्या डिपॉझिटमधून भरलं जाईल.

आता विम्याचं ऐका. सकाळी पोलिसांत जाऊन तक्रार दिली, त्याची पावती घेतली. फ्रान्समध्ये तिला रेसेपिसे म्हणतात, स्पेनमध्ये देनुन्सिया मागायची. तो कागद मिळेपर्यंत ठाण्यातून हलू नका. इंदूरला येऊन क्लेम टाकला. नामंजूर. देखरेखीविना सोडलेल्या वाहनातलं सामान पॉलिसीत बसत नाही, कुलूप असलं तरी. हेच कलम अधोरेखित करून मी आयुष्यभर लोकांना परत पाठवत आलो होतो. बायको एवढंच म्हणाली, "बरं झालं, एकदा टेबलाच्या या बाजूला बसलात."

म्हणून माझं म्हणणं एकच. रात्रीची काळजी निम्मी करा आणि दिवसाची दुप्पट. झोपलेल्या पाच माणसांच्या गाडीत शिरायला चोराला जिवावर उदार व्हावं लागतं. दुकानाचं पार्किंग, समुद्रकिनारा, किल्ल्याखालचा मोकळा तळ, इथे त्याला फक्त तुमची पाठ वळायला हवी. त्या दिवसानंतर आम्ही गाडी कधी रिकामी सोडली नाही. एक जण आत. बाकीचे फिरून आले की पाळी बदलायची.

शहर बघायचं असेल तर मोटरहोम शहरात न्यायचीच नाही. कॅम्पिंगमध्ये लावायची आणि बस-ट्राम धरायची. आव्हिन्योंला रोन नदीत बार्थेलास बेट आहे, तिथल्या कॅम्पिंगमधून तो प्रसिद्ध अर्धा पूल समोर दिसतो आणि गावात चालत जाता येतं. बार्सिलोनाला तर हे शंभर टक्के पाळा.

हायवेच्या थांब्यावर झोपू नका. गॅसमुळे नव्हे. तिथे कुणी कुणाला ओळखत नाही आणि चोर दोन मिनिटांत परत हायवेला लागतो. फ्रान्समध्ये 'एर' हा शब्द दोन जागांना वापरतात, त्यात गल्लत होते. हायवेवरची एर वेगळी आणि गावाने मोटरहोमसाठी बांधलेली एर वेगळी. दुसरी शोधा. फाटक आणि कोड असलेल्या एरही असतात, थोडे युरो जास्त जातात. पार्क४नाइट अॅपवर आधीच्या लोकांचे अनुभव असतात. जागा किती सुंदर आहे ते सोडा, 'काच फोडली' असं कुणी लिहिलंय का ते आधी वाचा.

रात्रीसाठी आमचा देशी इलाज. अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बर्थखाली बॅगा बांधायची साखळी-कुलूप आम्ही सवयीने नेली होती. ती पुढच्या दोन दारांच्या आतल्या हँडलांतून आरपार ओवून कुलूप घालायचो. बाहेरून कुलूप उघडलं तरी दार उघडणार नाही. किल्ली मात्र माझ्या उशाला नाही, तिथेच खिळ्याला. रात्री आग लागली तर शोधत बसायला नको. साखळी नसेल तर सीटबेल्ट दाराच्या हँडलातून घेऊन खटक्यात अडकवा, तेही चालतं.

पासपोर्ट अंगावर, शर्टाच्या आत कमरेला. तिजोरी असेल तर त्यात दुसरं कार्ड आणि थोडी रोकड. आमचे पासपोर्ट माझ्या पोटावर होते म्हणून ट्रिप पुढे गेली. ते गेले असते तर दूतावासातून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळालं असतं, पण ते फक्त घरी परतायच्या कामाचं. दक्षिण फ्रान्ससाठी आता मार्सेयला आपलं कॉन्सुलेट आहे, २०२५ मध्ये सुरू झालं. पत्ता कागदावर लिहून ठेवा, फोनमध्ये नको. फोनच गेला तर?

भूलवाली (इंदूर)

गॅसचं मी सांगते, कारण मी गेली १४ वर्षं रोज सकाळी हेच काम करते.

सेवोफ्लुरेन घ्या, आमचं नेहमीचं भुलीचं औषध. माणूस झोपलेला राहायला हवेत साधारण २ टक्के लागतं. मोटरहोमच्या आत १५ घनमीटर हवा धरा. म्हणजे ३०० लिटर बाष्प. एक मिलिलिटर औषधातून सुमारे १८० मिलिलिटर बाष्प होतं. हिशेब केला तर दीड लिटरच्या वर औषध, म्हणजे २५० मिलिलिटरच्या सहा-सात बाटल्या, आणि तेही सगळ्या फटी बुजवल्या तर. मोटरहोममध्ये गॅसची शेगडी असते म्हणून हवेची भोकं मुद्दाम कायम उघडी ठेवलेली असतात. एवढ्या महाग बाटल्या ज्याला परवडतात तो तुमच्या पाटल्यांसाठी कशाला येईल? ईथर म्हणाल तर त्याच्या वासाने आणि ठसक्याने आधी तुम्ही उठून बसाल, आणि ते पेट घेतं ते वेगळंच.

शिवाय पाच वेगवेगळ्या वजनाच्या, वयाच्या माणसांना एकाच मात्रेत बेशुद्ध करून सगळेच सकाळी जिवंत उठतील, हे मला ऑपरेशन थिएटरमध्ये सगळी यंत्रं लावूनही जमणार नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ अॅनेस्थेटिस्ट्सनेही असं शक्य नाही म्हणून निवेदन काढलं होतं. सासऱ्यांना हे वाचून दाखवा. हवं तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत आहे का ते विचारा, त्या गॅसने खरंच माणसं मरतात.

दांडियाबाजारकर (बडोदा)

काकांच्या सगळ्याला हो, एक सोडून. "एक जण आत, पाळीने" हे वाचायला छान आहे. आमच्याकडे पाळी नावाला होती, बहुतेक वेळा गाडीत मीच बसले आणि किल्ले नवऱ्याने पाहिले. ताई, हे निघायच्या आधी घरात ठरवून घ्या. वहीवर लिहून घ्या.

तुम्ही सीमा ओलांडून ला हुंकेराहून बार्सिलोनाकडे एपी-७ ने जाल. तिथे आम्हाला एक करडी गाडी भेटली. शेजारून आली, हॉर्न, आणि आतला माणूस काकुळतीने आमच्या मागच्या चाकाकडे बोट दाखवतोय. इतका कळवळा की नवऱ्याने इंडिकेटर दिलासुद्धा. मी ओरडले, "थांबू नकोस." कारण हा तिथला जुना खेळ आहे. तुम्ही कडेला थांबता, एक जण चाक दाखवायला तुम्हाला मागे नेतो, दुसरा पुढच्या दारातून बॅग उचलतो. ब्रिटनचं सरकार स्वतःच्या पर्यटकांना या प्रकाराबद्दल सावध करतं. आम्ही हळू चालवत पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत गेलो. चाक ठणठणीत.

खरोखर पंक्चर असलं तर गाडी ओढते, आवाज येतो, ते तुम्हाला आतून कळतं. तरी थांबावंच लागलं तर एकानेच उतरायचं, दारं आतून बंद, आणि ११२ लावायचा. हा नंबर युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे चालतो.

सुदामानगरची सून

सासऱ्यांनी बाटल्यांचा हिशेब स्वतः कागदावर करून पाहिला आणि कॅन्सलेशनचा विषय बंद झाला. आता ते मावसदिरांना उत्तर लिहीत बसलेत. साखळी माळ्यावर सापडली. पाळ्यांची वही लेकीने केली, त्यात बाबांचं नाव सर्वांत जास्त वेळा आहे.

पाटल्या राहिल्या.

सर्वेयर काका

बँकेच्या लॉकरमध्ये. न्यायच्याच असतील तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर परतताना या जुन्याच आहेत हे सिद्ध करत बसाल. पण मी म्हणेन, सोळा दिवस बेन्टेक्सच्या घाला.

सुदामानगरची सून

सांगितलं. सासूबाई विचारतात, बेन्टेक्स आहे हे चोराला कसं कळणार?

सर्वेयर काका

मुद्दा बरोबर आहे त्यांचा. पूर्ण बाह्यांचं स्वेटर द्या. रोनच्या खोऱ्यात तो मिस्त्राल वारा सुटला की मे महिन्यातही कुणी हसणार नाही.